चालू दे

सोमवार, २ ऑक्टोबर

आज गोटीचा फोन आला आणि कापडात घातलेली कात्री तशीच राहिली. पोटात जुळं आहे हे माहीत होतंच, पण आता तिच्या वरच्या गावातले डॉक्टर म्हणतात, एक बाळ आडवं आहे, इथे बाळंतपण करायचं नाही, महिना संपायच्या आत खाली शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जा. जावईबापूंकडे एक मोटारसायकल. बसने घाटाच्या वळणांवरून न्यायचं म्हटल्यावर डॉक्टरांनीच कानाला हात लावले. "आई, तू येशील ना गाडी घेऊन?" म्हणाली लेक. येशील ना काय, वेडी! उडत येईन.

फोन ठेवला आणि थेट अंगणात. आमची गाडी सात माणसांची, जुनी. शाळांचे गणवेश पोचवून पोचवून मागच्या सीटला कोऱ्या कापडाचा वास लागलाय. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याला चाकं दाखवली. वाकून बघितलं त्याने आणि म्हणाला, "काकू, हे टायर नाहीत, ही टकलं आहेत. यांच्यावर घाट उतरलात तर खाली लवकर पोचाल, पण रस्त्याने नाही." मेल्याची जीभ! पण खोटं नाही बोलला.

संध्याकाळी ह्यांना विचारलं. हे जन्मभर इथल्या टायरच्या कारखान्यात. गाडी मात्र कधी चालवायला शिकले नाहीत, ते काम माझं. म्हटलं, "अहो, गोटीला आणायचं तर चारही टायर नवे लागतील. कुठले घेऊ?"

तर म्हणाले, "बघू."

मी चमकले. लग्न झाल्यापासून ह्यांच्या तोंडी एकच उत्तर, "चालू दे." भाजी कशी झालीय? चालू दे. पडद्याचा रंग? चालू दे. शिवणकामाला मशीन घेऊ? चालू दे. गोटीने लग्नाचा मुलगा घरी आणला. ह्यांनी तासभर त्याचं ऐकून घेतलं आणि आत येऊन मला म्हणाले, "चालू दे." दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नव्हते. पोटच्या पोरीचा जन्माचा जोडीदार, आणि ह्या माणसाचं बोलणं पंखा बंद करायचा की नको असं विचारल्यासारखं!

आणि आज एकदाच जिथे "चालू दे" हवं होतं, तिथे "बघू".

बुधवार, ४ ऑक्टोबर

टायरच्या दुकानात गेले. बरोबर वन्सं. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण माझ्या नणंदेला खरेदीचा वास दोन गल्ल्यांवरून येतो.

दुकानदाराने दोन प्रकार काढून ठेवले. एक परदेशातून आलेले, चकचकीत कागदात गुंडाळलेले. दुसरे आपल्या इथले, ह्यांच्याच कारखान्याचा शिक्का असलेले. वन्संनी परदेशीवर हात ठेवला आणि काढलाच नाही. "हेच घे. लेकरांचा प्रश्न आहे. तिकडचं ते तिकडचं." वन्संनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही. उंटावरच्या शहाण्या.

मी दुकानदाराला विचारलं, "तुम्ही सांगा, कुठले चांगले?"

"दोन्ही चांगले," तो म्हणाला. "पण काकू, काका कारखान्यात, आणि तुम्ही मला विचारताय? काखेत कळसा आणि गावाला वळसा."

ते लागलं मला. घरी आले, चहा दिला आणि सरळच विचारलं, "तुमच्या कारखान्याचे घेऊ?"

कपाकडे बघत म्हणाले, "दुसरे बघ."

"का?"

"बघ म्हटलं ना."

आता याला काय म्हणायचं? आचारीच म्हणतोय, माझ्या हातचं जेवू नका! म्हणजे इतकी वर्षं हा माणूस रोज डबा घेऊन जातो आणि तिथे काहीतरी वाईटसाईट बनवून जगाच्या गळ्यात मारतो की काय? मला नाही नाही ते सुचतंय. आणि विचारावं तर ताकास तूर लागू देत नाहीत.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

बाळांची अंगडी शिवायला घेतली. दोन झाली. हे कामावरून आले, एक उचललं आणि आत हात घालून डोळे मिटून फिरवत बसले. बाही, मान, पाठ. "शिवण टोचत नाही ना कुठे?" म्हणाले.

ही ह्यांची जुनी खोड. भांडं असो, बूट असो, आतून तळहात फिरवल्याशिवाय चैन नाही. गोटी झाली तेव्हा तिच्या डोक्यावरून असाच हात फिरवायचे, मी ओरडायचे, "अहो, निजली आहे ती!" आज नाही ओरडले. जेवण अर्धं टाकलं ह्यांनी.

शनिवार, ७ ऑक्टोबर

आज जे बघितलं ते लिहायला बसले आहे खरी, पण कुठून सुरू करू?

कारखान्यात घरच्यांना आत सोडतात असा वर्षातून एक दिवस असतो. मी कधीच गेले नाही, कायम गणवेशांची घाई. आज ह्यांना न सांगता गेले. मनात काय होतं ते खरं लिहिते, मी चोरी पकडायला गेले होते. बघू तरी, काय कचरा बनवतात!

दाखवायला एक तरतरीत मुलगी होती. पहिल्याच दालनात नेलं आणि मी जागच्या जागी थबकले. कापड! टायरमध्ये कापड असतं! मी शिवणकाम करणारी बाई, माझा नवरा टायर करणारा, एका घरात एवढी वर्षं राहून मला हे माहीत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. माणसाच्या उंचीची भेंडोळी, नुसते उभे धागे, आडवे नावालाच. ते रबरात बुडतं, मग कापलं जातं. पुढे पोलादी तारांच्या पट्ट्या, त्या तर चक्क उरेब कापलेल्या! उरेब म्हणजे तिरकं. मी फ्रॉकचा घेर कापते तसं. एक थर उजवीकडे उरेब, त्यावरचा डावीकडे. एकाला ओढ बसली की दुसरा धरून ठेवतो. कोणाच्या डोक्यात आलं असेल हे पहिल्यांदा?

एक बाई मोठ्या गोल ढोलावर थर चढवत होती. टोकावर टोक आणून दाबलं तिने. मला राहवलं नाही, विचारलं, "माया किती सोडता हो?" शिवणीसाठी जास्तीचं कापड ठेवतो त्याला आम्ही माया म्हणतो. ती आधी गोंधळली, मग हसली आणि नखाएवढं माप दाखवलं. "एवढीच. जास्त सोडली तर तिथे उंचवटा येतो, कमी सोडली तर उसवतं." माया जास्त झाली तरी वाईट, कमी झाली तरी वाईट. आई झालेल्या बाईला हे ऐकायला कारखान्यात जावं लागलं!

मग भट्टीचं दालन. कच्चा टायर म्हणजे गुळगुळीत काळं पिंप, ना नक्षी ना नाव. साच्याने जबडा उघडला, पिंप आत गेलं, जबडा मिटला. आत वाफेने फुगा फुगतो आणि त्याला साच्यावर दाबून धरतो, असं ती मुलगी सांगत होती. आम्ही उभे राहिलो. माझ्या शेजारी एका कामगाराची म्हातारी आई होती, तिने माझा दंड घट्ट धरला होता. साचा उघडला तेव्हा वाफ बाजूला झाली आणि आत टायर होता. खरा टायर. नक्षी, अक्षरं, सगळं अंगावर उमटलेलं, आणि अंगभर रबराचे बारीक केस. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या अंगावर लव असते ना, तशी. "अगं बाई!" म्हातारी म्हणाली. मी पदराने डोळे टिपले. टायर बघून रडणारी बाई मी पहिलीच असेन.

पुढे एका जाड काचेवर चाक टेकवून ठेवलं होतं, वर गाडीएवढं वजन. काचेखालून दिसत होतं चाक कुठे टेकतं ते. मुलगी म्हणाली, "काकू, हात लावून बघा." मी काचेला खालून तळहात लावला आणि बोटं जराशी पसरली तर ती सगळी जागा झाकली गेली. एवढीशी! एवढ्याशा जागेवर एक चाक जमिनीला टेकतं. अशी चार. म्हणजे गोटी, तिच्या पोटातले दोघे, जावई, मी, सामानसुमान, सगळा घाट उतरणार तो चार तळहातांवर. मी कितीतरी वेळ हात काढलाच नाही. मागे रांग लागली.

आणि शेवटचं दालन.

तिथे हे होते. मला बघितलं नाही त्यांनी, कारण डोळे मिटलेले. समोर टायर सावकाश फिरत होता आणि ह्यांचा उघडा तळहात त्याच्या आतून फिरत होता. गोटीच्या डोक्यावरून फिरायचा तसाच. सगळं दालन खडखडत होतं आणि त्या माणसाभोवती मात्र काही ऐकूच येत नसावं असा चेहरा. मी त्यांना इतकी वर्षं जेवताना, झोपताना, पेपर वाचताना बघितलंय. हा माणूस मी कधी बघितलाच नव्हता.

हात थांबला. डोळे उघडले. आणि म्हणाले, "चालू दे."

टायर पुढे सरकला. दुसरा आला. पुन्हा डोळे मिटले, हात एका जागी अडला, मागे आला, पुन्हा तिथेच गेला. काही न बोलता त्यांनी तो बाजूला ओढला. तो गेला तुकडे व्हायला. मला तर त्यात काही म्हणता काही दिसलं नाही.

मुलगी हळू आवाजात सांगत होती, "पुढे मशीनवरही तपासणी होते, पण आधी काकांचा हात. काका जास्त बोलत नाहीत. चांगला, उत्तम असलं काही त्यांच्या तोंडून येत नाही. जिथे शंकेला जागाच नाही, तिथे फक्त 'चालू दे'. आम्ही इथे एकमेकांना चिडवतो, काकांचं चालू दे मिळालं की पदक मिळालं."

मी भिंतीला टेकले. भाजी कशी झालीय? चालू दे. मशीन घेऊ? चालू दे. मुलगा कसा वाटला? चालू दे. अरे देवा! आणि मी दोन दिवस अबोला धरला होता.

त्यांना हाक न मारताच घरी आले.

रविवार, ८ ऑक्टोबर

सांगितलं त्यांना. "काल मी कारखान्यात आले होते." चमच्यासकट हात हवेत राहिला ह्यांचा.

"सगळं बघितलं," मी म्हटलं. "इतकं निगुतीचं काम मी माझ्या दुकानातही बघितलेलं नाही. मग आपल्याच गाडीला तुमचा टायर का नको? पिकतं तिथं विकत नाही, असंच ना?"

ह्यांनी चमचा ताटात ठेवला. मग जे बोलले ते इतकं लांब होतं की मला वाटलं शेजारचं कोणी बोलतंय. "दुसऱ्याच्या गाडीला जातो तेव्हा मी हातावर विश्वास ठेवतो. हात सांगतो ते ऐकतो, पुढचा टायर घेतो. पण त्यात गोटी बसणार म्हटलं की हात काही सांगेनासाच होतो. बुधवारपासून तिथे उभा राहतो आणि वाटतं, काहीतरी सुटलं तर? परदेशी टायरमध्ये काही सुटलं तर दुसऱ्या कोणाच्या हातून सुटलेलं असेल. माझ्या हातून नको."

मला सुचलं नाही की मी चिडते, हा माझा स्वभाव. म्हटलं, "म्हणजे त्या परक्या माणसाचे हात आपल्या लेकीवर माया करणार? त्याला ती माहीत तरी आहे का? मी तुमच्याच कारखान्याचे घेणार. उद्या दुकानात सांगून येते. बास!"

हे उठून अंगणात गेले. गाडीभोवती फिरत होते.

सोमवार, ९ ऑक्टोबर

दुकानदाराला सांगितलं, आपल्या इथलेच चार द्या. "वा!" म्हणाला. "शुक्रवारी या." वन्संना फोनवर कळवलं तर म्हणाल्या, "तुझी मर्जी, मी आपलं भल्याचं सांगितलं." फोन आपटला.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

दुकानदार म्हणतो अजून तयार नाहीत. तयार नाहीत म्हणजे काय? गोदाम भरलेलं दिसतंय! तर हसून म्हणतो, "काकू, तुमचे निवडणं चाललंय." म्हटलं, निवडायला काय तांदूळ आहेत?

त्यात ह्यांना नेमका आत्ताच ओव्हरटाइम. कारखान्याचा भोंगा वेळेवर वाजतो आणि हे येतात दिवे लागून गेल्यावर, हात कोपरापर्यंत काळे. घरात लेकीची अशी वेळ, आणि साहेबांना कारखाना सुटत नाही. बोलणार होते, पण चेहरा बघून नुसतं पाणी तापत ठेवलं.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

आज ह्यांची सुट्टी, तरी गेले! विचारलं तर म्हणे थोडं काम आहे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा राबवतात माणसाला. कारखान्याबद्दल मला आता एवढा आदर वाटतो, पण हे काही बरं नाही.

गोटीचा फोन. पाय सुजलेत, पण हसत होती. "आई, दोघं आत भांडतात," म्हणाली. मला झोपच लागेना.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

बसले एकदाचे टायर! दुकानदाराने चार काढून ठेवले होते, शेजारी बाकीच्यांचा हा एवढा ढीग, सगळे उलटेपालटे. बसवणारा म्हणाला, "काकू, हे चार आतून किती स्वच्छ आहेत, कोणीतरी हाताने पुसल्यासारखे." म्हटलं, मग? एवढे दिवस लावले, धूळ तरी पुसायला नको?

घरी आणून गाडीसमोर बसकण मारली आणि कात्रीने टायरचे केस कापत बसले. शिवून झाल्यावर लोंबते दोरे कातरल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला कपडा देत नाही, तर हे कसं सोडू? पंक्चरवाला जाता जाता थांबला. "काकू, ते कापायची गरज नसते, आपोआप झिजतात." म्हटलं, तुला काय करायचंय? टकलं बघायची सवय झालीय तुला.

हे लवकर आले आज. म्हणाले ओव्हरटाइम संपला. माझ्या शेजारी जमिनीवर बसले आणि दुसरी कात्री घेतली.

रविवार, २२ ऑक्टोबर

मी एकटीच जाणार होते. पहाटे गाडी बाहेर काढली तर हे डबा आणि पाण्याची बाटली घेऊन पुढच्या सीटवर. ह्यांना घाट म्हणजे शत्रू, कधी नाव काढत नाहीत. "येतो," एवढंच.

वर पोचलो. गोटीचं पोट बघून मला हसू आलं आणि रडूही आलं. तिने चाकांकडे बघितलं. "आई, टायरची हजामत केलीस?" जावईबापू खो खो हसले. मधल्या सीटवर उशा लावून तिला आडवी केली, जावई मागे सामानात.

घाट उतरताना हे पायाखालची जमीन कानाने ऐकत असल्यासारखे बसले होते. आणि डोंगरातून पाणी झिरपून रस्ता कायम ओला असतो त्या वळणावर, वळले मात्र, समोर लाकडाचा ट्रक कलंडलेला आणि ओंडके रस्ताभर! एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. मी ब्रेक दाबला. किंचाळले की नाही आठवत नाही. गोटीचा "आई!" तेवढा ऐकला. गाडी एकदा थरारली, जमिनीला धरलं तिने आणि थांबली. पहिला ओंडका बॉनेटपुढे हातभर.

घसरली नाही. तसूभर नाही! मी काचेखाली बघितलेली ती एवढीशी जागा, तशा चार जागांनी आम्हा सगळ्यांना धरून ठेवलं होतं. चार तळहातांनी. मी हे किती वेळा लिहिलं तरी मला खरं वाटणार नाही.

गोटी ठीक होती. ट्रकवालाही बाहेर येऊन डोकं धरून बसला होता, शाबूत. जावई त्याच्याबरोबर ओंडके ओढायला धावले. मला मात्र उतरता येईना. स्टिअरिंगवरची बोटं सुटत नव्हती. हे खाली उतरले. एकेका चाकापाशी उकिडवे बसून, डोळे मिटून हात फिरवला. चारही. मग माझ्या खिडकीशी आले.

मी म्हटलं, "अहो, माझ्याने नाही होणार आता. हात बघा कसे कापतायत."

त्यांनी खिडकीतून हात आत घातला आणि माझ्या हातावरून तळहात फिरवला. मनगटापासून बोटांपर्यंत, सावकाश, काही शोधत असल्यासारखा. डोळे मिटलेले. मी श्वास धरून बसले. नवी नवरी असतानाही इतकी घाबरले नसेन.

डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चालू दे."

बाजूने वाट झाल्यावर मी गाडी सुरू केली. हात कापत नव्हते.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

गोटी हॉस्पिटलात भरती. सगळं स्थिर आहे. टायरचा दुकानदार रस्त्यात भेटला. म्हणाला, "काकांना सांगा, सगळं गोदाम लावून झालं पुन्हा." ह्यांचा काय संबंध? निरोप मात्र दिला. हे ओशाळं हसले. पुरुषांचं काही कळत नाही.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

झाली! एक मुलगा, एक मुलगी. गोटी दमलीय पण बरी आहे, आणि मी उभ्या उभ्या रडून मोकळी झालेय.

आत जायच्या आधी हे हात धूत बसले. तळहाताच्या रेघांत मुरलेलं काळं निघेना, पुन्हा साबण, पुन्हा पाणी. शेवटी नर्सच ओरडली, "आजोबा, पुरे! साल निघेल!" आणि एक गाठोडं त्यांच्या हातात ठेवलं, दुसरं माझ्या.

खोलीत सगळे होतो. गोटी, जावई, वन्संसुद्धा. ह्यांनी डोळे मिटले. नातीच्या डोक्यावरून तळहात फिरवला, मग मान, मग पाठ. लव होती तिच्या अंगावर, बारीक. मग माझ्या हातातल्या नातवावरून फिरवला. तोही तसाच, इंच न सोडता. आता म्हणतील, मग म्हणतील, असं होऊन आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. गोटी तर उशीवरून मान उचलून.

त्यांनी डोळे उघडले. ओठ हलले. पण शब्दच फुटेना.

"अरे, बोल ना काहीतरी," वन्सं म्हणाल्या.

त्यांनी भरल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मी दोन्ही लेकरांवरून हात फिरवला, नीट, डोळे मिटून, आणि मीच म्हटलं, "चालू दे."